न सुटणारं फूल

लंकाबाईच्या टोपलीतला झेंडू प्रतिभाबाईंनी उचलून नाकाशी धरला, आणि त्याला वासच आला नाही. त्यांनी डोळे मिटून पुन्हा एक मोठा श्वास घेतला. शेजारच्या गाड्यावरची उदबत्ती कळत होती, पायाखाली चिरडलेला शेवंतीचा पाला कळत होता, हातातल्या पिशवीतली मेथीसुद्धा कळत होती; झेंडू तेवढा गप्प. मग लंकाबाई हसली. ती हसली की तिचं सगळं अंग हसायचं आणि पुढ्यातल्या टोपल्याही हलायच्या. “अवो बाई, त्यो पलास्टिकचा हाय! बाजूला तोरणवाला बसतो ना, त्याच्या माळेतला गळून आला आसंल. जल्मभर पोरींना फुलं शिकवली आन् तुमीच फसल्या व्हय?” प्रतिभाबाई म्हणाल्या, “तुझ्या टोपलीत होता म्हणून फसले.” “आता माझ्यावर घ्या! तुमची आई अंधारात नुसता हात लावून सांगायची, कालचं का आजचं. ऱ्हावू द्या तुमाला. वाणवळा!” आणि तिनं खऱ्या झेंडूंनी भरलेल्या पिशवीत वरून ते खोटं फूल टाकलं, पिशवीला गाठ मारली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. दोन दिवसांवर घट बसायचे होते. फुलबाजारात माणसाला माणूस लागत होतं, आणि ह्या गर्दीत एका निवृत्त जीवशास्त्राच्या बाईंना सजीव-निर्जीव ओळखता आलं नाही, याचं कुणाला काय पडलं होतं?

त्यांना मात्र पडलं होतं. आणि नेमकं आजच पडायचं होतं. काल संध्याकाळी भाचीचा, शुभांगीचा फोन आला तेव्हापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कॉलेज रोडला शुभांगीचा क्लास आहे. अकरावी-बारावीची मुलं डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी तिथं येतात. “आत्या, जीवशास्त्राचे सर दुसऱ्या क्लासला गेले गं, ऐन मोसमात. उद्या दुपारचं एक लेक्चर घेशील? वर्गीकरण आहे. तुझं लाडकं.” प्रतिभाबाईंनी हो म्हणायला इतका कमी वेळ घेतला की पलीकडून शुभांगीच दचकली. मग ती जरा बिचकत म्हणाली, “पण आत्या, आताची मुलं वेगळी असतात हं. कंटाळली की उठून जातात. आणि लेक्चर संपलं की फोनवर तारे देतात, पाचपैकी. तारे बरे पडले तर वर्षभर तूच शिकव, मी पार्टनरना सांगू शकते. नाही पडले तर…” “तर घरी बसून वाती वळीन,” प्रतिभाबाई म्हणाल्या. दोघी हसल्या. फोन ठेवल्यावर मात्र त्या कितीतरी वेळ ओट्याशी उभ्या राहिल्या. वर्षभर. एक अख्खा वर्ग, जूनच्या अनोळखी चेहऱ्यांपासून मार्चच्या ओळखीच्या चेहऱ्यांपर्यंत. तो आपल्याला परत हवा आहे, इतका हवा आहे, हे त्यांनी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. निवृत्तीनंतर लोक विचारत, वेळ कसा जातो. आणि त्या सांगत, छान जातो, बाग आहे, वाचन आहे. बाग होती, वाचन होतं. पण तासाची घंटा झाल्यावर पोटात जो गोळा उठतो तो नव्हता, आणि तो काल रात्री इतक्या वर्षांनी परत उठला, तेव्हा त्यांना परकर-पोलक्यातल्या मुलीसारखं वाटलं होतं.

रिक्षा रविवार कारंज्यावरून अशोकस्तंभाकडे रखडत निघाली. मांडीवर पिशवी. पिशवीत बटाटे, वांगी, टोमॅटो, मिरच्या, मेथीची जुडी, शेंगदाणे, तांदळाची आणि भगरीची पुडी, दुर्वांची जुडी आणि सगळ्यांच्या डोक्यावर झेंडू. रिक्षावाल्यानं आरशातून बघून विचारलं, “काय मावशी, घटाची तयारी?” “नाही, शाळेची,” त्या म्हणाल्या, आणि तो गप्प बसला, म्हाताऱ्या माणसाशी वाद घालू नये अशा बेतानं. त्यांना हसू आलं. पण हसता हसता ते खोटं फूल पुन्हा टोचलं. डोळ्यांनी दगा दिला का? मोतीबिंदू काढल्यावर तर जग धुऊन वाळत घातल्यासारखं दिसत होतं. मग डोळे नव्हेत. सवय. झेंडूच्या दिवसांत झेंडूच्या टोपलीत झेंडूच्या रंगाचं काही दिसलं की ते झेंडू. आपण बघितलंच नाही, नुसतं ओळखलं. आणि आयुष्यभर आपण मुलींना काय ओरडत आलो? आधी बघा, मग ओळखा.

आईही ओळखायचीच. मखमलाबादच्या मळ्यात पहाटे कंदिलाच्या उजेडात आई, सखुबाई, गोणपाटावर एक गुडघा उभा धरून फुलांचे ढीग करायची. देवाचा ढीग, लग्नाचा ढीग, मयताचा ढीग. तेच झाड, तीच फांदी, पण एक फूल काळारामाच्या पायरीशी जायचं, दुसरं नवरदेवाच्या गळ्यात आणि तिसरं अमरधामात. लहानगी प्रतिभा थंडीत कुडकुडत विचारायची, “आई, फुलाला कसं कळतं गं, आपण कुठल्या ढिगातलं ते?” आई मान वर न करता म्हणायची, “फुलाला कशाला कळाया पायजे? गिऱ्हाइकाला कळतं.” तेव्हा ते उत्तर तिला उडवाउडवीचं वाटलं होतं. मग ती कॉलेजात गेली, माळ्यांच्या आळीतली पहिलीच मुलगी. आणि एका दुपारी सरांनी तिच्या हातात भिंग दिलं आणि म्हणाले, काहीही बघ. तिच्या वेणीत घरचाच झेंडू होता. तिनं तो काढला, एक पाकळी ओढली आणि भिंगाखाली धरली. आणि ती पाकळी नव्हतीच. खाली काळं, बारीक, काडीसारखं बीजकोशाचं टोक होतं, त्यावर खवले होते, मधून दुभंगलेल्या जिभेसारखं काहीतरी डोकावत होतं. ते पूर्ण फूल होतं. दुसरी ओढली, तेही फूल. तिसरी, तेही. ज्याला सगळा गाव, सगळा बाजार, सगळे देव एक फूल म्हणत होते त्यात फुलांची दाटी होती, जत्रेतल्या माणसांसारखी खेटून. ती त्या दिवशी पुढचे तास सोडून सायकल हाणत मळ्यात गेली. वाटेत चेन पडली, हात काळे झाले, तरी थांबली नाही. “आई! हे एक फूल नाही! हा गाव आहे गाव!” आईनं तिच्या काळ्या हातांकडे पाहिलं, मग फुलाकडे. “बरं मग,” ती म्हणाली, “गावाचा भाव लावू का आता?” आणि दोघी गोणपाटावर बसून पोट दुखेपर्यंत हसल्या. पण संध्याकाळी आई चुलीशी बसून, कुणाचं लक्ष नाही असं बघून, एक झेंडू उसवत होती. ते प्रतिभानं पाहिलं होतं. शाळेत शिकवायला लागल्यावर दर वर्षी पहिल्या तासाला ती दृश्यं, आईचे ढीग आणि आईची बोटं, दोन्ही बरोबर घेऊनच ती वर्गात शिरायची. नाव एकही सांगायचं नाही. मुलींनी घरून काहीतरी जिवंत आणायचं आणि जमिनीवर ढीग करायचे. फळ्यावरची कुळं नंतर. रिबिनी बांधलेल्या त्या मुली ढिगांवरून अशा भांडायच्या की शेजारच्या गणिताच्या बाई दार ठोठावायच्या.

“मावशी, आलं कॉलेज रोड.”

वर्ग थंडगार होता. काचेचं दार, राखाडी गालिचा, भिंतीवर प्रोजेक्टरचा निळा चौकोन, बाकांवर पालथे ठेवलेले फोन. मुलं-मुली मिळून तीसेक जण. “गुड आफ्टरनून मॅम,” असं निम्म्यांनी म्हटलं, निम्म्यांनी नुसतं पाहिलं. दारातून शुभांगीनं हात केला आणि अंगठा दाखवला. प्रतिभाबाईंना वाटलं, आपण पळून जावं. आणि त्याच क्षणी वाटलं, इथून आता आपल्याला कुणी ओढूनही नेऊ शकणार नाही. पहिल्या बाकावरचा रुद्र नावाचा मुलगा, केस कपाळावर, पाय लांब पसरलेले, म्हणाला, “मॅम, सरांनी पीपीटी दिलीय आम्हाला. फाइव्ह किंगडम झालंय. फक्त फायलम बाकी आहेत.” “झालंय म्हणजे काय झालंय?” “पाठ झालंय.” आणि त्यानं किंगडम, फायलम, क्लास, ऑर्डर, फॅमिली, जीनस, स्पीशीज ही माळ एका दमात म्हणून दाखवली. “वा,” त्या म्हणाल्या, मनापासून, कारण माळ खरंच सुरेख ओवलेली होती. “आता ऊठ आणि ही पिशवी ओत.” “कुठं?” “खाली.” “गालिच्यावर?” मागून कुणीतरी म्हणालं, “अरे ओत ना, तुझ्या बापाचा आहे का गालिचा?” आणि वर्ग पहिल्यांदा हसला. बटाटे गडगडत बाकाखाली गेले. मुलं वाकली. मुलांचं वाकणं पाहून प्रतिभाबाईंच्या पोटातला गोळा विरघळला. वाकलेला वर्ग म्हणजे अर्धा जिंकलेला वर्ग.

“ढीग करा. कसे ते तुम्ही ठरवा. नाव एकही घ्यायचं नाही.”

थोडी कुजबुज झाली. मग समर्थ नावाचा एक गोलमटोल मुलगा गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, “सोपंय. उपासाचं इकडं, बिनउपासाचं तिकडं.” हशा झाला, पण ढीग भराभर होऊ लागले. बटाटे, शेंगदाणे, भगर इकडे. वांगी, टोमॅटो, मेथी, तांदूळ तिकडे. “मिरची?” “मिरची चालते.” “आमच्यात नाही चालत.” “तुमच्यात काहीच चालत नाही, म्हणून तू अशी काडी.” झेंडू आणि दुर्वा कुठं ठेवायच्या यावरून जरा अडलं, मग रुद्रनं पुढं होऊन दोन्ही ओंजळीनं उचललं: “देवाचा ढीग. तिसरा.” प्रतिभाबाईंच्या अंगावर काटा आला. देवाचा ढीग! मखमलाबादचा कंदील, गोणपाट, आईचे हात. आणि हा फोनवाला पोरगा, आईचाच शब्द आईच्याच ठसक्यात उच्चारणारा. त्यांना ते सांगावंसं वाटलं, पण त्यांनी ओठ मिटले. आठवणी सांगणारी म्हातारी तारे गमावते, एवढं त्यांना कळत होतं. आणि खरं तर आठवणींपेक्षा समोर जे चाललं होतं तेच जास्त रंगलं होतं.

त्यांनी पर्समधून छोटी सुरी काढली आणि त्याही गालिच्यावर बसल्या. गुडघा कटकन् वाजला, दोन मुली हसल्या, त्याही हसल्या. “आता हे वांगं बघा. ह्याच्या डोक्यावरची टोपी. आता टोमॅटोची टोपी. मिरचीची. कुणासारखी कोण दिसतंय?” त्यांनी वांगं कापलं, टोमॅटो कापला, मिरची उभी चिरली. डोकी जवळ आली. चपट्या, पिवळट, एकमेकींच्या बहिणी वाटाव्यात अशा बिया. “अरे, सेम आहेत!” “बटाट्याला टोपी कुठाय?” “तो फळच नाहीये, खोड आहे,” रुद्र म्हणाला. “बरोबर. मग त्याचं फूल कुणी पाहिलंय?” मागच्या रांगेतून एक बारीक आवाज आला. “मी पाहिलंय, बाई. आमच्या हरसूलकडं मामाच्या वावरात व्हते थोडे. वांग्याच्या फुलावाणीच असतं. फक्त पांढरं.” बाई. इथं सगळ्यांची मॅम; ही एकटीच बाई म्हणाली होती, आणि म्हणून झाल्यावर ओशाळून खाली बघत होती. “नाव काय तुझं?” “योगिनी.” “पुढं ये, योगिनी. इथं बस.”

मग भगर, तांदूळ आणि दुर्वा, वेगवेगळ्या ढिगांतले तिघे, एकाच गवताच्या घरातले निघाले, तेव्हा समर्थ ओरडलाच, “म्हणजे मॅम, आम्ही उपासाला गवत खातो?” “रोजच खातोस. पोळीही गवतच.” “मग माझ्या आजीचा उपास मोडतो का नाही?” “ते आजीला विचार. ती म्हणेल तेच खरं. उपास कुणाचा? माणसाचा. तर उपासाचा ढीग माणसाबद्दल सांगतो, भाताबद्दल नाही. तुमचे तिन्ही ढीग बरोबर आहेत रे. फक्त त्यांनी विचारलेला प्रश्न वेगळा आहे. आपला प्रश्न एवढाच: कोण कुणाचं नातेवाईक?” बोलता बोलता त्यांना आईचं ते जुनं वाक्य आठवलं, गिऱ्हाइकाला कळतं, आणि इतक्या वर्षांनी, गालिच्यावर बसल्या बसल्या, ते उडवाउडवीचं नव्हतं हे लख्ख कळलं. एवढं साधं कळायला एक आयुष्य लागलं म्हणून वाईट वाटायला हवं होतं. त्यांना उलट इतका आनंद झाला की हातातली सुरी खाली ठेवावी लागली.

“आता प्रत्येकानं एक झेंडू घ्या. पाकळी ओढा. हळू. खालच्या टोकाला काय आहे बघा.” झेंडू वाटले गेले. बोटं चालू लागली आणि त्या बंद, थंड खोलीत झेंडूचा उग्र, हिरवट वास उसळला. असा की एसीलाही तो आवरेना. प्रतिभाबाईंनी तो छातीभरून घेतला. आहे. नाक शाबूत आहे. “मॅम, हे काळं काय आहे?” “ह्याला आणखी एक बारीक जीभ आहे!” “माझ्यातपण आहे!” “सगळ्यांत आहे का?” “मग हे सगळं…” रुद्र अर्ध्यात थांबला. त्याच्या पसरलेल्या पायांची आता मांडी झाली होती. “मॅम, प्रत्येक पाकळी फूल आहे?” त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते प्रतिभाबाईंनी एकदा मळ्याच्या वाटेवर, चेन पडलेल्या सायकलवर, स्वतःच्या चेहऱ्यावर अनुभवलं होतं. तिथं शब्द घालणं म्हणजे दिव्यावर हात धरणं.

“बाई,” योगिनी म्हणाली, “माझं फूल सुटत नाही.”

ती खरंच जोर लावून ओढत होती. प्रतिभाबाईंना एकदम सगळं आठवलं. लंकाबाई, वाणवळा, पिशवीची गाठ. रुद्रनं ते तिच्या हातातून घेतलं, वाकवलं आणि ओरडला, “प्लास्टिक आहे हे! मॅमनी प्लास्टिकचं फूल आणलंय!” वर्ग हशानं फुटला. कुणीतरी फोन उचलला. काचेपलीकडे शुभांगी येऊन उभी होती, हसण्याचं कारण न कळून तिचा चेहरा कसनुसा झालेला. “ए, गप्प,” समर्थ म्हणाला, “मॅमनी मुद्दाम टाकलं असणार. ट्रिक आहे. हो ना मॅम?” आणि सगळे त्यांच्याकडे बघू लागले. किती सोपं होतं. नुसती मान हलवायची. हुशार बाई, काय युक्ती केली, पाचपैकी पाच. त्यांनी मान हलवायलाही घेतली होती. पण योगिनी अजून आपल्या बोटांकडे बघत होती, जणू दोष बोटांचाच होता, सगळ्यांना जे जमलं ते तिलाच जमलं नव्हतं. तिच्याकडे बघताना मान हलेना.

“नाही रे,” त्या म्हणाल्या. “मी फसले. येताना बाजारात नाकाला लावेपर्यंत मला खरंच वाटलं होतं. आणि पिशवीत आहे हे साफ विसरले.”

कुणी हसलं नाही. फोन उचललेल्या मुलीनं तो खाली ठेवला. “पण मीपण नाही ओळखलं,” रुद्र हळूच म्हणाला. “मीच देवाच्या ढिगात ठेवलं की.” “तू कसं ओळखलंस गं, योगिनी?” “ओळखलं नाही, बाई. ते सुटलंच नाही. आत काही नव्हतंच.” आत काही नव्हतंच. वाढ, श्वसन, चेतना, प्रजनन. इतकी वर्षं फळ्यावर लिहिलेली ती लक्षणं एका बाजूला, आणि ह्या मुलीचं हे एवढंसं वाक्य दुसऱ्या बाजूला. “म्हणजे जिवंत असेल तर त्याच्या आत आणखी काहीतरी निघतं?” रुद्र म्हणाला. “टिकतं का बघू हे,” प्रतिभाबाई म्हणाल्या. “कोण मोडतंय?” “मी!” समर्थनं हात वर केला. “डाळिंबाच्या सालीत काय निघतं?” “साल एकटी जिवंत असते का पण?” “मग कापलेला बटाटा? तो तर उगवतो!” “दगड फोडला तर आत दगडच निघतो.” “आणि अमिबा फोडला तर?” “फोडू नको, तो स्वतःच फुटतो!” सगळे एकदम बोलायला लागले, कुणी गुडघ्यांवर, कुणी बाकावर चढून, आणि मधोमध एक म्हातारी बाई पिवळ्याधमक बोटांनी हात वर करकरून, “एकेक! अरे एकेक!” असं ओरडत होती आणि कुणी एकेक बोलू नये अशी मनोमन इच्छा करत होती. तास संपल्याची घंटी वाजली. कुणी उठलं नाही. काचेबाहेर पुढची बॅच दप्तरं घेऊन तिष्ठत उभी राहिली, मग तीही नाकं काचेला लावून आत बघू लागली. शेवटी शुभांगीनं दार ठोठावलं, गणिताच्या बाईंसारखंच. “उद्या येताना घरून एकेक जिवंत वस्तू आणा,” प्रतिभाबाई घाईघाईनं म्हणाल्या, “आणि खोटीही चालेल, पण मला फसवता आलं पाहिजे!” मुलं कल्ला करत निघाली, आणि दार बंद झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं: उद्या म्हणालो आपण. उद्या अजून आपला कुठं आहे?

शुभांगी फोन हातात धरून आत आली. गालिच्यावर वांग्याच्या बिया, टोमॅटोचा रस आणि सगळीकडे पिवळा चुरा. “आत्या, एकही तारा नाही आला.” “एकही नाही?” “म्हणजे वाईटही नाही, चांगलाही नाही. कुणी दिलेच नाहीत. असं कधी होत नाही गं. दार लागायच्या आत देतात.” तिनं पिवळ्या डागांनी भरलेल्या बाकांकडे पाहिलं. “विसरली बहुतेक.” मग तिला रागवायचं आठवलं. “आणि फायलम? एकसुद्धा फायलम झाला नाही आत्या! गालिच्याची काय दशा केलीय! पार्टनरना मी काय सांगू?” बोलता बोलता तिनं बाकावर राहिलेला एक झेंडू उचलला, कचऱ्यात टाकायला म्हणून. टाकला नाही. “उद्या दोनलाच ये,” ती तशाच चढ्या सुरात म्हणाली, “आणि वांगी खाली वर्तमानपत्र घालून काप.” तिनं नखानं एक पाकळी ओढली, टोकाकडे पाहिलं, डोळ्यांजवळ नेलं. दुसरी ओढली. जन्म मखमलाबादच्या मळ्यात, लहानपणी हातानं ओवलेल्या माळांची गणती नाही. पण फूल उसवायला घरात कुणाला सवड होती? पुढची बॅच दारात खोळंबली होती. शुभांगी हळूच गालिच्यावर टेकली, अगदी आपल्या आजीसारखी, सखुबाईसारखी, एक गुडघा उभा धरून.

“आत्या,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम लहान झाला, “हे किती आहेत गं एकात?”

“मोज,” प्रतिभाबाई म्हणाल्या.